गुलाबशेटची मोळी आणि राजाची आंघोळ

"अगं बाई! माझ्या गोवऱ्या कुणी नेल्या?"

येसू विहिरीवरून घागर घेऊन आली आणि दारातच ओरडली. पडवीतली गोवऱ्यांची रास गायब! त्या जागी ओल्या लाकडांची मोळी, आणि चौकटीवर गेरूची भली मोठी फुली. मी शेजारीच राहते, विहिरीवरून तिच्यासोबतच परतले होते. माझ्या ओट्यावरून तिची पडवी सरळ दिसते, त्यात माझा काय दोष? मान वळवून पाहते तर माझ्याही दाराला फुली! साऱ्या आळीलाच फुल्या!

तेवढ्यात गुलाबशेट लाकूडवाला मिशीला पीळ देत आला. "आजपासून तुमच्या चुली माझ्या लाकडावर. पैसे महिन्याच्या महिन्याला द्यायचे!"

"आम्ही कधी मागितलं लाकूड?" येसूनं विचारलं.

"सकाळी माझा माणूस आळीतून ओरडत गेला, 'नको असेल त्यानं नाही म्हणा!' कुणी नाही म्हटलं नाही."

"पुरुष शेतावर, आम्ही बायका विहिरीवर! मग घरातल्या मांजरानं नाही म्हणायचं होतं का?"

"मांजरही गप्पच होतं," असं म्हणून शेट खुशाल हसला.

इतक्यात ठकूमावशी आली. जन्मभर या आळीला गोवऱ्या तिनंच पुरवलेल्या. मागे ना मूल, ना बाळ. गोवऱ्या थापायच्या आणि त्यावर पोट भरायचं. फुल्या पाहून ती मटकन खालीच बसली. "येसू, आता मी काय खाऊ गं?"

"मावशी, ऊठ. राजाकडे जाऊ," येसू म्हणाली.

मीही निघाले. सोबत नको का कुणी?

आमचे भैरवराजे मनाचे चांगले, पण हट्टी असे की दगड परवडला! सगळं ऐकून म्हणाले, "जो गप्प बसला तो कबूल झाला. शेटला मी तसं सांगून बसलोय."

"पण महाराज, आम्ही 'हो' म्हटलंच नाही."

"साक्षीदार आहे?"

"न बोललेल्या शब्दाला साक्षीदार कुठून आणू?"

"ते तू बघ! उद्या सकाळी साक्षीदार घेऊन दरबारात ये. नाही आणलास, तर आळीत शेटचंच लाकूड जळेल आणि या म्हातारीनं गोवऱ्या थापणं बंद!"

परतताना मावशी सारखी डोळे पुसत होती. येसू मात्र गालातल्या गालात हसत होती. मी दोनदा विचारलं, तर म्हणाली, "काकू, उद्या दरबारात पुढची जागा धरा."

दुसऱ्या दिवशी पौषातली थंडी मी म्हणत होती. येसूनं शेटची ती ओली मोळी डोक्यावर घेतली आणि राजवाड्याच्या मागच्या अंगाला गेली. तिथं राजाच्या आंघोळीचं चुलाण. पाणी तापवणारा रामोजी हंड्यात पाणी भरून ठेवून अंगाला लावायचं तेल आणायला गेला होता. राजे अजून अंथरुणात. येसू हळूच म्हणाली, "नको असेल त्यानं नाही म्हणा हं!" कोण म्हणणार? तिनं वाळकी लाकडं भिंतीशी नीट रचली, चुलाणात ओली सारली, न्हाणीघराच्या दारावर गेरूची फुली मारली आणि दरबारात येऊन बसली. हे सगळं तिनंच मला तिथं कानात सांगितलं.

थोड्या वेळानं राजे आले. अंगावर दोन शाली, डोळे धुरानं लाल, दातावर दात वाजताहेत!

"माझं लाकूड क-कुणी बदललं?"

"मी, महाराज," येसू उभी राहिली.

"कुणाला विचारून?"

"मी रीतसर म्हटलं होतं, नको असेल त्यानं नाही म्हणा. कुणी नाही म्हटलं नाही."

"अगं, मी झोपेत होतो! मी 'हो' कधी म्हटलं?"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" येसू दरबाराकडे वळली. "न बोललेल्या शब्दाचा साक्षीदार आणायला सांगितला होता. हे बघा, सिंहासनावर बसलेत!"

राजांनी शाली आवळल्या आणि शेटकडे पाहिलं.

शेट लगेच पुढं सरसावला. "महाराज, रीत बघा! लग्नघरची माणसं आमंत्रणाला येतात. घर बंद असलं, तर उंबऱ्यावर अक्षत ठेवून जातात. आमंत्रण पोचलं असंच आपण धरतो ना? तिथं कुठं कोण 'हो' म्हणतं? तशीच माझी मोळी!"

राजे दाढी कुरवाळू लागले. "हं, मुद्दा बिनतोड आहे." मावशीनं माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली.

"शेट बोलले ते अगदी खरं!" येसू म्हणाली. "अक्षत ठेवली की आमंत्रण पोचलं. पण महाराज, अक्षत ठेवणारा जेवू घालतो, की पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घेतो? आणि ज्याला जायचं नसेल तो आपल्या घरी भाकरी खातो. त्याच्या चुलीतल्या गोवऱ्या कुणी उचलून नेत नाही! शेटनी दारोदार अक्षत ठेवलीच आहे, तर आता यजमानपण निभवावं. महिनाभर आळीला लाकूड फुकट. आणि पंगतीत कच्चं वाढत नाहीत, तेव्हा लाकूड वाळकं हवं!"

राजे असे हसले, असे हसले, की दोन्ही शाली खाली पडल्या. "शेट, पंगत मांडलीत, आता वाढा! आणि फुल्या स्वतःच्या हातानं पुसा. गोवऱ्याही डोक्यावरून घरोघर पोचवा. येसू, तुला माझ्या गोठ्यातली दुभती म्हैस! आणि म्हातारे, उद्यापासून न्हाणीघराला गोवऱ्या तुझ्याच. ठरलं!"

मावशीनं पदर सावरला, कमरेवर हात ठेवला.

"ठरलं कसं? मला विचारलंत का, महाराज?"

भैरवराजे पुन्हा हसत सुटले, सिंहासनावरून उतरले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "मावशी, द्याल का हो गोवऱ्या?"

"बघते," मावशी म्हणाली. "विचार करून सांगते!"