कॅमेऱ्याचा पाय

“…आणि वरची मूठ फिरवून काढली की आत स्क्रू आहे, बाबा. त्यावर कॅमेरा बसतो. चालताना काठी, थांबलं की कॅमेऱ्याचा पाय. आता सांगा, या दोन्हींतली कोणती ठेवू?”

हेरंब एका दमात बोलून गेला. गुहेच्या तोंडाशी त्याने दोन्ही काठ्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, रुखवत मांडावा तशा.

चेतनगिरी बाबा चुलीत फुंकर घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाहेर धुकं होतं. गड जणू नव्हताच. गुहा, चूल, दोन माणसं… आणि पलीकडे सगळं पांढरं, तापल्या दुधावर साय धरावी तसं हळूहळू घट्ट होत चाललेलं.

“ही कार्बनची. पिसासारखी हलकी. पिळाची आहे, फिरवली की लांब होते. ती दुसरी जड, पण खटक्याची, खटका दाबला की पक्की बसते. दुकानदार म्हणाला, दोन्ही न्या, गडावर वापरून बघा, नको ती परत करा.”

“मग बघ की वापरून.”

“बघितल्या. ठरतच नाही. रात्र रात्र झोप लागत नाही हो.”

“काठीपायी?”

हेरंबने काठ्या उगाचच पुन्हा सरळ केल्या.

तसा तो मानी माणूस. त्याने काढलेल्या गडांच्या फोटोंची कॅलेंडरं तालुक्यात भिंतीभिंतीवर. पाऊस सरत आला की दर वर्षी तो बाबांकडे यायचा, त्यांच्याजवळ बसून जप करायला शिकला होता. पण फोटोतलं कुणी काही सांगितलेलं मात्र त्याला खपायचं नाही.

बाबांनी चहाचा पेला पुढे केला. हेरंबने घेतला. पेला ओठांपर्यंत जायच्या आधीच चहा काठावरून उडाला आणि मनगटावर सांडला. त्याने पेला चटकन खाली ठेवला, हात मांडीखाली दडवला.

“कधीपासून?” बाबांनी विचारलं.

“काय कधीपासून?”

बाबांनी त्याच्या मांडीखालच्या हाताकडे बोट केलं.

“माघापासून,” हेरंब शेवटी म्हणाला. “डॉक्टर म्हणतात, कंप वाढत जाणार. घरी बोललो नाही कुणाला. बायको आधीच घाबरट, पोराला साधी शिंक आली तरी उशाशी बसून राहते. तिला काय सांगू?”

“हं.”

“म्हणून काठी चांगली हवी. इंद्रवज्र राहिलंय माझं, बाबा. इतकी वर्षं झाली, एकदाही मिळालं नाही. हात पुरता जायच्या आत तेवढं एक…”



सकाळचं ऊन पाठीशी आणि कड्याखाली धुकं, असं जुळून आलं की त्या धुक्यात रंगांचं गोल कडं उमटतं, मधोमध बघणाऱ्याची सावली. त्यालाच इंद्रवज्र म्हणायचं. दिसलं तर दिसलं, नाहीतर आल्या वाटेने उतरायचं.

हेरंबची नजर बाबांच्या कुबडीवर गेली. “आता तुमचंच बघा. ही कुबडीसुद्धा दोन कामं करतेच ना? चालताना टेकायला, आणि जपाला बसलात की हाताखाली घ्यायला.”

“दोन कुठली? एकच.”

“कोणतं?”

“चहा निवतोय तुझा.”

एवढ्यात गुहेमागून ऊन आलं. पांढऱ्यात कुणी हळद कालवावी तसा उजेड पसरला. हेरंबने काय ओळखायचं ते ओळखलं. हलकी काठी उचलली, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि कड्याकडे धावला.

“सावकाश रे!” म्हणत बाबा मागोमाग निघाले.

कड्यावर गवत ओलं होतं. हेरंबने काठी रोवली, सगळा भार तिच्यावर टाकला, मूठ काढली आणि कॅमेरा घाईघाईने स्क्रूवर फिरवू लागला. कॅमेरा फिरला. त्याच्याबरोबर काठीही फिरली. मधला पीळ सुटला… आणि काठी आपल्याच पोटात गेली, गोगलगाईने शिंग आत ओढावं तशी.

त्याचा पाय सरकला. समोर नुसतं पांढरं.

मागून सदरा आवळला गेला. गळ्याशी गुंडी तुटली. बाबांनी त्याला मागे ओढलं, तसे दोघेही गवतावर बसकण मारून आदळले.

“बाबा, सोडा, इंद्रवज्र जाईल!”

“आत्ता तू जात होतास.”

हेरंब थरथरत होता. या वेळी सगळाच.

आणि खाली ते उमटलं होतं. बाहेरून तांबडं, आतून निळं, अख्खं गोल. धुकं हलत होतं, कडं मात्र जागच्या जागी. बघता बघता त्याला वाटलं, कडाच सुटून निघालाय, आणि आपण त्यावर बसून कुठंतरी चाललोय, आवाज न करता…

बाबा त्याच्या पुढ्यात सरकून बसले, कड्यापासून हातभर अलीकडे. खांद्यावर थाप मारून म्हणाले, “ठेव इथं.”

“तुमच्या खांद्यावर?”

“नाहीतर काय डोक्यावर ठेवतोस?”

हेरंब गुडघ्यांवर आला. कॅमेऱ्यातून काठी सोडवली, आणि कॅमेरा बाबांच्या खांद्यावर टेकवला. खांदा वर जात होता, खाली येत होता.

“बाबा, जरा श्वास धरा ना.”

“बरं. मी श्वास धरतो, तू हात धर.”

हेरंबला हसू फुटलं. हसता हसताच त्याने बटण दाबलं.

मग खालून वारा आला, धुकं उठलं, आणि कडं विरून गेलं. दरीत कुठंतरी एक पाखरू बोललं, पुन्हा सगळं शांत.

हेरंबने फोटो उघडून बघितला. रंग होते. गोल होतं. मधोमध दोघांची मिळून एकच सावली होती. पण सगळ्याच रेघा किंचित हललेल्या, पाण्यात बघाव्यात तशा.

“हललाय,” तो म्हणाला. “कॅलेंडरवर नाही चालायचा.”

त्याने कॅमेरा खाली केला.

“आणि पुढच्या खेपेला मी तुमचा खांदा कुठून आणू? खाली उतरलो की मी आहे आणि हा हात आहे.” त्याने तो बाबांपुढे धरला. “सांगा ना, बाबा. काठी कोणती ठेवू?”

बाबांनी कॅमेरा त्याच्या हातातून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. बराच वेळ…

“या सावलीच्या हातात कोणती आहे रे?”