कोल्ह्याची लाल गाडी

फार पूर्वी, जनावरंसुद्धा गाड्या पळवायची, तेव्हाची ही गोष्ट. एका सशाचं कोल्ह्याच्या जुन्या लाल रेसच्या गाडीवर मन जडलं. गाजरांचा अख्खा मळा देऊन ती घ्यायला तो निघाला. सोबत शेजारची म्हैस होती.

"आधी तपासून घेऊ," म्हैस म्हणाली.

"अवश्य!" कोल्हा म्हणाला. "माझा मेहुणाच तपासनीस आहे."

मेहुण्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, रंगावरून शेपूट फिरवलं आणि सांगितलं, "गंज औषधालाही नाही!"

"मळा तुमचा!" ससा म्हणणार, इतक्यात म्हैस गाडीत जाऊन बसली. त्याबरोबर गंजलेला तळ कडाडकन तुटला आणि तिचे चारही पाय रस्त्याला टेकले. तेवढ्यात मागून कुत्रा भुंकला. म्हैस घाबरून गाडीसकट धावत सुटली.

"बघा, कशी पळते!" कोल्हा ओरडला. "इंजिनाचा आवाजसुद्धा नाही!"

ससा हरखला. "खरंच की! घेतो मी!"

गाडीतून म्हैस धापा टाकत ओरडली, "घे बाबा, खुशाल घे! पण रोज पळायला मी यायची नाही!"

तेव्हा कुठे सशाने वाकून गाडीखाली पाहिलं, आणि मळा वाचला.