मधली जागा

"...आणि मी काय करायचं?" आक्कानं विचारलं.

"काही नाही. स्टेजवर मधोमध बसायचं. तुम्ही माती, तुम्ही आजी. मी तुमच्याभोवती फिरणार."

"मी काय वड हाय? सूत आणलंयस का गुंडाळायला?"

मी हसलो. पोरीला राग आला. येऊ दे.

ही शाल्मली, पुण्याची. अंगाला चिखल फासून, केसांत मुळ्या बांधून नाचते. लोक टाळ्या वाजवतात म्हणे. पंचमीची फुगडी शिकायला माझ्या थोरल्या बहिणीकडं आठ दिवस राहिली. शिकली ती गावातल्या पोरींबरोबर. आक्का नुसती ओट्यावरून ओरडायची. उद्या शहरात प्रयोग. आक्का 'जा' म्हणाली तरच करायचा, हे पोरीनंच ठरवलेलं.

"माझी आजी फुगडी घालायची," ती म्हणाली. "तिचे हात धरायचे राहून गेले. म्हणून हे..."

आक्का उठली.

पदर खोचला. उजवा हात डाव्यावर टाकून दोन्ही पुढं केले.

"ये."

पोरीनं हात धरले. अंड्यांची पाटी धरावी तसे.

पायाला पाय लागले. आक्का मागं रेलली. पोर खांबासारखी ताठ. फेरा कसला, नुसती पावलं घासत होती.

"रेल की."

"तुम्ही पडाल, आक्का."

"कोण? मी?"

"वय झालंय तुमचं..."

"आजीलाबी असंच धरलं असतंस?"

पोरीचे डोळे भरले.

मी म्हणालो, "पुरे, आक्का. गुडघा जाईल."

"तू सुंभ वळ."

मी सुंभ वळायला लागलो.

पोरीनं डोळे मिटले. अन् रेलली... सगळी.

मग काय फिरल्या! कोंबड्या कुंपणाबाहेर पळाल्या. अंगणाची माती उडून माझ्या सुंभावर बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण पाय जमिनीत मेख मारल्यागत.

थांबल्या. दोघींच्या मनगटांवर बोटांचे लाल वळ उठलेले.

पोरीनं हळूच विचारलं, "मग उद्या... जाऊ?"

आक्कानं पदर सोडला, तोंड पुसलं.

"जाऊ की दोघी. पण मधी कुणाला बसवू नकोस."