तळपायाची नस

"म्हणजे अजून मी कच्चाच का, बुवा?"

गोरखचे कान लाल झाले होते. नदीकाठच्या त्या मठात मन खचलेली माणसं येत. भास्करबुवा त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासत; गोरख त्यांच्या हाताखाली शिकत होता. पायातली नस न् नस गोरखला तोंडपाठ होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

भास्करबुवा हसले. "दारात रिक्षा आलीय. त्यातल्या बाईंनी बोलणंच सोडलंय म्हणे. त्या बोलत्या झाल्या, तर उद्यापासून वाटी तुझी."

गोरख उडालाच!

सुनेनं हाताला धरून सासूला आत आणलं. तान्हूबाई, गावची म्हातारी सुईण.

"निम्म्या गावाची बाळंतपणं केली यांनी," सून म्हणाली. "आता बाया दवाखान्यात जातात. 'माझा काय उपेग' म्हणत बसायच्या, आता तेही म्हणत नाहीत. जेवण सुटलंय. बुवा, जगतील ना हो या?"

"आता बघाच!" गोरखनं बाह्या सरसावल्या.

वाटी गरागरा फिरू लागली. तळपाय काळे पडले. "निघाली, उष्णता निघाली!" तो ओरडला.

तान्हूबाई भिंतीकडेच बघत होत्या. पाय तेवढे सारखे लुगड्यात ओढून घेत होत्या.

"आखडू नका हो, नस सुटते!"

त्यांनी पाय पुन्हा आत ओढले.

गोरखला घाम फुटला. सून पदरात तोंड लपवून रडू लागली.

बुवा उठले. त्यांनी वाटी बाजूला सारली, आपल्या उपरण्यानं ते काळे पाय पुसले आणि त्यांवर कपाळ टेकलं.

…

"आगं बया! उठा, म्हाराज, उठा! पाप लागंल मला!"

तान्हूबाई बोलल्या होत्या! बुवांचे खांदे धरून त्या त्यांना उठवायलाच लागल्या, आणि उठवता उठवता हमसून हमसून रडू लागल्या. सुनेनं त्यांना घट्ट मिठी मारली.

गोरखला आनंद आवरेना. तो धावत बुवांपाशी आला.

"कपाळ! वाटीऐवजी कपाळ! बुवा, हे कुठल्या पोथीत नाही! कुठल्या नसेवर टेकलंत? दाब किती दिलात?"

बुवांनी डोळे पुसले.

"दाब कसला रे? पाया पडलो मी."