सभापतींच्या पायांचा नवस

गोदूताईंनी आजवर पुष्कळ नवस फेडले, पण ग्रामदेवीला बोललेला हा नवस आगळाच. सुनेचे दिवस भरत आले होते, आणि गावचा नवा दवाखाना मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं म्हणून कुलूपबंद होता.

दुपारच्या आरतीला सभापती आले, तशा ताई हात जोडून म्हणाल्या, "दादासाहेब, देवीला बोललेय, दवाखाना उघडेपर्यंत तुम्ही अनवाणी चालाल."

"अहो, नवस तुमचा आणि पाय माझे?"

"त्यात काय? दवाखाना गावाचा आणि किल्ली तुमच्या खिशात, तसंच हे!"

देवळात हशा पिकला. बाहेर फरशी उन्हानं तापलेली, आणि दादासाहेबांच्या चपलांवर साऱ्या गावाचे डोळे. त्यांनी खिशातून किल्ली काढून आरतीला आलेल्या नर्सबाईंच्या हातात ठेवली.

बायांनो, तुमच्याही गावात असं कुलूप असेल, तर देवीला नवस जरूर बोला. फक्त पाय कुलूपवाल्याचे धरा.