शून्य मिळकतीचा सोयरा

सोनतळीच्या महाराजांनी प्रजेसाठी फुकट सेवा सुरू केली, आणि प्रजा ती पैसे मोजून घेऊ लागली!

सेवा झकास होती. मोबाईल उघडायचा आणि घरबसल्या कर भरायचा. बाजारात आपली पत किती, आपल्या नावावर कुणी गुपचूप कर्ज उचललंय का, तेही तिथंच दिसे. खर्च एका छदामाचा नाही. पण लोक म्हणत, "फुकटचं ते काय धड असणार?" आणि खुशाल त्रिंबकशेठच्या पेढीपुढे रांग लावत. शेठ पडद्याआड जाई, महाराजांचीच सेवा उघडून बघे, आणि बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने दहा रुपये घेई. वर म्हणे, "तुझी पत जरा नाजूक आहे हो. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखव."

हा शेठ स्वतः मात्र कर भरत नसे. दरबारात जायचा एक ठिगळाचा सदरा त्याने राखून ठेवला होता. तो चढवून दरसाल हात जोडी, "महाराज, मिळकत शून्य! चूल कशीबशी पेटते."

सेवेकडे थेट कुणीच फिरकेना म्हणून महाराज संतापले, आणि तावडीत सापडला तिची दवंडी पिटणारा म्हादू दवंडीवाला.

"तुझ्या हलगीत दमच नाही!" महाराज गरजले. "येत्या अमावस्येच्या आत त्रिंबकशेठने आपल्या हाताने या सेवेवर खरी मिळकत लिहून कर भरला पाहिजे. तो आला की गाव येईल. शिपाई मिळणार नाही, धाक घालायचा नाही, पैसाही मिळणार नाही. जमलं तर ठीक, नाही तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर हो!"

महाराजांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. म्हादू घरी येऊन मटकन खाली बसला. "गजरे, आपलं घर गेलं गं! त्यो शेठ मेल्या कोंबडीचं पीस सोडत न्हाई, आन् कर भरतोय व्हय?"

त्याची लेक गजरा दिवाणसाहेबांकडे घरकामाला होती. ती हसली. "बा, परवा दिवाणसायबांच्या लेकीला बघायला शेठ येतोय, पोराला घेऊन."

"मग त्याचं काय?"

"मग काय! पोहे मी नेणार हाय."

ठरल्या दिवशी शेठ जरीकाठी उपरणं घालून आला. ठिगळाचा सदरा त्या दिवशी खुंटीवर विसावला होता. पोहे यायच्या आतच त्याने सुरुवात केली, "काय सांगू दिवाणसाहेब! तीन बागा, दोन गिरण्या, भरबाजारात पेढी. महिन्याला लाख म्हणजे आमच्याकडे चिल्लर!"

दिवाणीणबाई खूश झाल्या. "पत्रिकाही छान जुळतेय. अठ्ठावीस गुण!"

गजराने बशी पुढे केली. "बाईसाहेब, गुण बघितलं, आता शेठजींची पतबी बघा की. म्हाराजांच्या सेवेवर दिसती म्हणं."

शेठची छाती फुगली. "बघा ना, बघा!" त्याने सराईत बोटांनी खिशातला फोन उघडला, आणि पापणी लवते न लवते तोच पत समोर! अगदी अव्वल.

"अगंबाई!" दिवाणीणबाई ओरडल्या. "हे असं फुकट दिसतं? मग गेल्या महिन्यात माझ्याकडून दहा रुपये कशाचे घेतलेत?"

शेठला ठसका लागला. गजराने पाणी दिलं आणि भाबडेपणाने विचारलं, "आन् ह्ये खाली काय लिवलंय, शेठजी? मिळकत... शून्य?"

दिवाणांनी चष्मा सावरला. "शेठ, शून्य मिळकतीच्या घरात मी मुलगी कशी द्यायची?"

"छे छे! ते आपलं... लिहायचं राहून गेलं!"

"मग लिवून टाका की!" गजरा म्हणाली. "मुदत हाय अजून. पैसं बी लागत न्हाईत."

शेठने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नाही म्हणावं तर सोयरीक मोडते, हो म्हणावं तर तिजोरी हलते. समोर मुलगा हिरमुसला होऊन बसलेला. शेवटी शेठचं बोट फोनवर टेकलं. बागा लिहिल्या. पेढी लिहिली. एक गिरणी लिहिली.

"दुसरी ऱ्हायली, शेठजी! मघाशी दोन व्हत्या."

"एकच असेल," दिवाणीणबाई नाक मुरडत म्हणाल्या, "तर आम्हाला विचार करावा लागेल हं."

शेठने दुसरीही लिहिली, आणि डोळे मिटून कर भरला!

दुसऱ्या दिवशी गावभर एकच चर्चा. "ऐकलंत का? शेठ स्वतःचं काम फुकटात करतो आणि आपल्याकडून दहा रुपये घेतो!" लोक एवढे चिडले की जो तो पारावर, ओट्यावर बसून आपला आपण कर भरू लागला, आपली पत बघू लागला. कुणाचीच नाजूक निघाली नाही! पेढीपुढच्या रांगेत एक कुत्रं तेवढं उरलं.

महाराजांनी गजराला दरबारात बोलावलं. "पोरी, खरं सांग. शिपाई नाही, धाक नाही, पैसा नाही. मग त्या मक्खीचूसाकडून तू कर वसूल केलास कसा?"

गजराने पदर सावरला. "म्हाराज, मानूस राजापुढं भिकारी असतो आन् व्याह्यापुढं कुबेर. दिवाणसायेब राजाचं बी मानूस, आन् व्याही बी व्हनार. म्या फकस्त पोहं दिलं!"

महाराज आधी गालात हसले, मग मांडीवर थाप मारून हसले, मग सिंहासनाचा हात धरून हसले. दरबारच खदखदू लागला. ठिगळाचा सदरा घालून आलेला त्रिंबकशेठही हसला, कारण न हसून सांगतो कुणाला!

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गजराला दिलं, म्हादूला राहतं घर कायमचं लिहून दिलं आणि हुकूम सोडला, "यापुढे करवसुलीचा कारभार गजराबाईंकडे! आणि दिवाण, दरबारात रोज पोहे करा!"