आप्पांच्या बैठकीतला पाइप

चार माणसांत "लावली पैज" म्हणाला आणि रंगनाथ मिस्त्री फसला. आप्पासाहेब खोपड्यांनी चहाच्या टपरीवर त्याला नुसतं डिवचलं होतं, की आमच्या नव्या वरच्या मजल्याचं नळकाम अठरा हजारांत करून दाखव, नाहीतर पाइपाला आटे पाडायचं तुझं मशीन माझं. हा शहाणा छाती फुगवून हो म्हणाला. मशीन गेल्यावर खाणार काय, पाइप?

घरी त्याची पोरगी गोजरी. खर्चाचा अंदाज तिनंच काढला होता, एकतीस हजारांचा. कागद घेऊन ती तडक आप्पांकडे गेली. आप्पा म्हणजे एवढे मोठे, की घरावर मजला चढवताना जुने खिळे ठोकून सरळ करून वापरत होते. त्यांनी कागद न वाचताच नाक मुरडलं.

"भिंतीत काय गाडलंत ते मला दिसतंय होय? डोळ्यांना दिसेल त्याचेच पैसे. अठरा हजार. शुक्रवारी व्याही येणार, तोवर वर पाणी आलं पाहिजे."

"मग तसं लिहून द्या, आप्पा."

आप्पांनी ऐटीत लिहून दिलं, खाली सही ठोकली आणि व्याह्यांना आणायला गेले परगावी.

इकडे रंगनाथ डोकं धरून बसलेला. गोजरीनं त्याला कागद समजावला. भिंत फोडायची, पाइप पुरायचा, गवंडी बोलवायचा, परत प्लास्टर आणि फरशी, ह्या झाकपाकीचेच तेरा हजार होते. ते खोडले. उरले अठरा. आता पाइप कोपऱ्याकोपऱ्यानं वळवायचा नाही, सरळ न्यायचा. जेवढा सरळ तेवढा स्वस्त.

शुक्रवारी जीप आली. आप्पा व्याह्यांना दिमाखात बैठकीत घेऊन आले आणि उंबऱ्यातच थिजले. संडासाचा जाडजूड पाइप छतातून उतरून त्यांच्या सत्कारातल्या हारवाल्या फोटोला खेटून उभा! बाकीचे खिडकीवरून, घड्याळाखालून, जिकडं जवळ पडेल तिकडून.

बसले बिचारे पाइपाशेजारी. चहा आला. तेवढ्यात विहीणबाई वर गेल्या, आणि दोन मिनिटांनी आप्पांच्या कानाशी घळघळघळ करत सगळं खाली गेलं. व्याह्यांनी कप हळूच खाली ठेवला.

आप्पांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. बापामागं गोजरीही आली. मशीन जप्त, असं आप्पा ओरडले, तर हिनं सहीचा कागद थेट व्याह्यांच्या हातात दिला.

"वर पाणी आलंय, खर्च अठराच झालाय. एखादा पाइप दिसायचा राहिला असेल तर दाखवा, आप्पा. त्याचे पैसे सोडते."

व्याही कागद वाचून खो खो हसत सुटले. आप्पांचं तोंड आधी लाल झालं, मग त्यांनाही हसू आवरेना.

"बरं, हे झाकायचे किती घेशील?"

"दाखवायचे अठरा झाले. झाकायचे तेरा. आणि आधी लावलेलं उपसायचे चार."

आप्पांनी मुकाट पस्तीस हजार मोजले, वर बाजारातल्या आपल्या आठ गाळ्यांचं नळकामही रंगनाथलाच दिलं. व्याही डोळे पुसत म्हणाले, "पण आप्पासाहेब, अठराचा आकडा काढलात कुठून?"

आप्पांनी मान खाली घातली.

"मनानंच. दोन मिस्त्र्यांना आधीच विचारलं होतं. एक तेहतीस म्हणाला, एक चौतीस. एकतीसचा हाच स्वस्त निघाला. मला त्याचं मशीन पाहिजे होतं."